हात लागल्याशिवाय उठायचं नाही

मिसाळ सरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पीटीचा मास्तर आणि गळ्यात शिट्टी नाही, हे मला आधी खरंच वाटेना. मी त्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मैदानाकडे बोट केलं आणि म्हणाले, ते मिसाळ सर. पाहिलं तर एक उंच, काळासावळा माणूस डोळे मिटून उभा, आणि त्याच्यापुढे मुली धावतायत. मला वाटलं, हा गृहस्थ उभ्या उभ्या झोपतो. सरकारी नोकरीत अशी माणसं मी आधीही पाहिली होती, त्यामुळे फारसं नवल वाटलं नाही.

सर झोपलेले नव्हते. ते ऐकत होते. हे मला पुढे कळलं, आणि तेही नाइलाजाने.

नाइलाज असा की मुलींचा संघ परगावी खेळायला न्यायचा तर सोबत शिक्षिका पाहिजे. शाळेत आम्ही दोघीच. दुसरीचं बाळ अंगावरचं, म्हणून ही माळ माझ्या गळ्यात पडली. मी जुन्या जालन्यातली, धान्याच्या आडतींमधल्या गल्लीत वाढलेली. सकाळची गाडी धरून बदनापूरला उतरायचं आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन आत गावापर्यंत जायचं, एवढीच माझी धावपळ. सुटलेल्या बसमागेही मी कधी पळाले नाही. अशा बाईला खो-खोच्या संघासोबत पाठवणं म्हणजे थट्टाच होती, पण सरकारी नियमापुढे कोण बोलणार. गावाचं नाव मी सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

खो-खो तुम्हाला माहीतच आहे. आठ जणी रांगेत चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे लागते. दमली किंवा दिशा बदलायची झाली की ती बसलेलीच्या पाठीला हात लावते, ‘खो’ म्हणते आणि तिच्या जागी बसते. बसलेली उठते आणि सुटते. हात आणि आवाज बरोबर आले पाहिजेत. हात लागायच्या आधी उठली की फाउल, आणि मग पकडीत आलेली पळणारी हसत हसत निसटते. साधा खेळ आहे. याला काही लागत नाही, दोन खांब आणि चुन्याची फक्की पुरे. म्हणूनच तो आमच्या शाळेला परवडत होता.

सरांचा सगळा जीव त्या एका ‘खो’त होता. कोण कशी पळते हे ते नंतर बघत. आधी डोळे मिटून ऐकत. रेखाचा खो नाकातून येतो, अमकीचा अर्धा घशातच राहतो, तमकीचा हात आधी पोचतो आणि आवाज मागून येतो, हे सगळं त्यांना न बघता कळे. मी एकदा विचारलं की सर, शिट्टी का नाही वापरत. जीपमध्ये आम्ही माणसं आणि मिरच्यांची पोती यांच्या मधे कसेबसे टेकलो होतो. सरांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लहानपणी सर वडिलांबरोबर रानोमाळ हिंडलेले.

“आमच्या अण्णांची मेंढरं अण्णांच्याच आवाजाला उठायची, बाई,” सर म्हणाले. “दुसरं कोणी किती बी ओरडू द्या, जागची हलत नसत. मी ओरडून ओरडून दमून जायचो. शिट्टीला काय, सगळेच उठतेत. कोणाच्या आवाजाला उठायचं हे कळलं पाहिजे.”

मला तेव्हा त्यात फारसं काही वाटलं नाही. मिरच्यांनी डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला घरी जायचं होतं.

सरांचे हात कायम पांढरे असत. फक्की मारायला शिपाई होता, पण सर त्याला हात लावू देत नसत. सकाळी सुतळी ताणून, वाकून, डब्यातून फक्की सोडत ते रेघा मारत, आणि त्याच हाताने हजेरीला खडू धरत, त्याच हाताने डबा खात. शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. दाणा सोलायचा, तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे. कधी कुणाला शाब्बास म्हणाले नाहीत. फार खूश झाले तर म्हणत, “बराबर.” एवढंच. पण ह्या एका ‘बराबर’साठी मुली दिवसभर पळायला तयार असत. रागावले की मात्र सर एकदम अहो-जाहो करत. “अहो रेखाबाई, आपण जरा उशिरा उठलात का?” असं कानावर आलं की बाकीच्या मुली मान खाली घालत. छडी त्यांच्या हातात मी कधी पाहिली नाही.

माझ्या तासाला येऊन ते दारात उभे राहत आणि शेजारणीने वाटीभर साखर मागावी तसे म्हणत, “बाई, तीन पोरी द्या. परत आणून देतो.” मी म्हणे, चाचणी तोंडावर आली आहे. ते मान डोलवत आणि तिथेच उभे राहत. अशा माणसाशी भांडता येत नाही. मी मुली देत असे, आणि पोरी परत येत तेव्हा घामाने भिजून बीजगणिताला बसत. गंमत म्हणजे पासही होत.

आमचं मैदान शाळेचं असं फक्त कागदावर. शुक्रवारचा बाजार तिथेच भरे. शुक्रवारी सकाळी सर स्वतःच्या हाताने खो-खोचे खांब उपटून ठेवत आणि शनिवारी पुन्हा रोवत. शनिवारी मुली आधी झाडू मारत, कांद्याची सालं, लेंड्या, बाभळीचे काटे वेचत आणि मग खेळत. एका शुक्रवारी जिल्ह्याचे सामने अगदी जवळ आलेले, म्हणून सरांनी खांब काढले नाहीत आणि भल्या सकाळीच सराव लावला. तेवढ्यात एका बोकडवाल्याने येऊन आपला दांडगा बोकड खांबाला बांधला. सर म्हणाले, सोडा. तो म्हणाला, खांब बापूंचा हाय, बापू सांगतील तर सोडीन. सरांनी वाद घातला नाही. बोकड तसाच राहिला आणि सराव तसाच चालला. मुलींना आता पळणारीला पकडता पकडता बोकडाची शिंगंही चुकवायची होती. नंतर सर मला गंभीरपणे म्हणाले की रेखाचं वळण आज फार चांगलं पडलं.

खांब बापूंचा, म्हणजे गावच बापूंचं. बापू आमचे सरपंच. धिप्पाड, पांढरा फेटा, आणि आवाज असा की देवळाच्या ओट्यावरून हाक मारली तर मळ्यातला सालगडी ओ देई. त्या आवाजावर त्यांचा राग, लोभ, कारभार सगळं चाले. माणूस वाईट नव्हता. गावात पाण्याची टाकी त्यांनीच आणली, शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच मंजूर करून घेतल्या. पण आपण बोललो आणि समोरचा उठला नाही, असं त्यांच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांची मुलगी मंदा आमच्या संघात होती. ताडमाड, चपळ, बोलायला कमी. तिला परगावी न्यायला परवानगी पाहिजे म्हणून सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. सोप्यात बापूंच्या आई गहू निवडत होत्या, मंदा केस विंचरत होती, तिची आई आणि चुलती भाजी नीट करत होत्या. बाहेर बापूंनी नुसतं कुणाला तरी “कोण आलंय रे” विचारलं. त्यासरशी चौघी उठून उभ्या. म्हातारी गुडघ्याला हात देऊन उठली. मंदाच्या केसांत फणी तशीच अडकलेली. बापू आत आले, खाटेवर बसले, आणि मग कुठे सगळ्या बसल्या. त्यांच्या घरात आवाज आला की बाईमाणसाने उठायचं, ही रीतच होती. बापूंना त्यात काही दिसत नव्हतं, जसं आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही. परवानगी त्यांनी हसत दिली आणि चहाही पाजला.

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या मुलींनी जिल्ह्याची ढाल आणली. फिरती ढाल होती ती. लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्या शाळेकडे ती कायमची राहणार, असा नियम. लाकडी, मधे पितळी पत्रा, भोवती जिंकलेल्या शाळांच्या नावांच्या छोट्या पट्ट्या. त्यात बहुतेक नावं शहरातल्या मोठ्या शाळांची. आमचं नाव दोनदा लागलं. सरांनी ढाल बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठेवली. कुणी पाहुणा आला की मुख्याध्यापक चहाच्या आधी ढाल सोडून दाखवत.

अशात बापूंनी मैदानावर गाळे बांधायचं काढलं. बाजाराला पक्की जागा, रस्त्याला लागून दुकानं. एका बाजूला पायाचे दगडही येऊन पडले. सर ग्रामपंचायतीत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. त्या दिवसांत त्यांच्या खिशातले दाणे तसेच राहत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापकांनी धीर करून गावासमोर मैदानाचा विषय काढला. बापू उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “औंदा ढाल कायमची गावात आणा. मंग मैदानाला कोणी हात लावणार न्हाई. न्हाई आणली तर मला बोलायचं न्हाई.” टाळ्या पडल्या. सरांनी टाळी वाजवली नाही. ते बाजूच्या दगडांकडे पाहत होते.

त्यानंतरचे महिने मी मुलींना गणित शिकवलं असं म्हणवत नाही. सर तीन द्या म्हणाले की मी नऊ देत होते. मला स्वतःला त्या ढालीचं वेड लागलं होतं, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

अंतिम सामना जालन्याला होता. समोर शहरातली शाळा, एकसारख्या निळ्या कपड्यांतल्या मुली. आमच्या पोरींचे फ्रॉक घरचे, रंग वेगवेगळे, फक्त कमरेला सरांनी आणलेल्या एकसारख्या पट्ट्या. गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून आलेलं. पुढच्या रांगेत, रेघेला अगदी खेटून, बापू. त्यांचा फेटा त्या दिवशी नवा होता.

सामना अगदी घासून आला, आम्ही एकाच गुणाने मागे. शेवटचा डाव आमचा, पाठलाग आमच्याकडे, आणि वेळ संपत आलेली. एक गडी बाद केला की बरोबरी, आणि बरोबरीत ढाल जुन्या विजेत्याकडेच राहते, म्हणजे ढाल, मैदान, सगळं आमचं. निळ्या संघातली शेवटची पळणारी दमून खांबाच्या कोपऱ्यात अडकली होती. रेखा तिच्यावर धावून गेली आणि मंदाच्या पाठीमागे आली. मंदाचं तोंड गावाकडे, बापूंच्या बरोबर समोर. रेखाचा हात निघाला होता. मी पाहिलं, हात अजून पाठीपासून वीतभर लांब होता.

तेवढ्यात बापूंना राहवलं नाही. ते गुडघ्यांवर उठले आणि ओरडले, “खोऽऽ!”

मंदा उठली.

पंचांची शिट्टी झाली. फाउल. पळणारी कोपऱ्यातून निसटली, दुसऱ्या टोकाला गेली, आणि वेळ संपली. एका गुणाने आम्ही हरलो. निळ्या मुली नाचायला लागल्या. मंदा मैदानात तशीच उभी होती, तिच्या चौकोनात, बसायचं की जायचं हे न कळून. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

सर मंदापाशी गेले. मला वाटलं आता “अहो मंदाबाई” येणार. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बसवलं, आणि स्वतः तिच्याशेजारी मातीत बसले. 

ट्रॉल्या परत निघाल्या तेव्हा कुणी गाणं म्हटलं नाही. कोण ओरडलं हे सगळ्या गावाला माहीत होतं, तो आवाज न ओळखणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. पण नाव कोण घेणार. त्याऐवजी लोक मंदाला नावं ठेवू लागले. ऐन वेळी पोरीनं खो घातला, असं पारावर कुणीतरी म्हणालं, आणि ते शाळेपर्यंत आलं. आमच्याकडे एखाद्या कामाचा विचका केला की खो घातला म्हणतात. मंदा शाळेत यायची बंद झाली. पायाच्या दगडांजवळ आता वाळूही येऊन पडली.

आठ-दहा दिवसांनी सर वर्गाच्या दारात आले. या वेळी पोरी मागितल्या नाहीत. “बाई, तुमी चला माझ्यासंगं,” म्हणाले. “बापूंकडं जायचंय.”

आम्ही गेलो. बापू खाटेवर बसले होते. त्या आठवड्यात माणूस उतरला होता. मी धास्तावले होते, कारण सर भांडायला आले असतील तर मला भांडता येत नाही, आणि विनवायला आले असतील तर तेही बघवणार नव्हतं.

“बापू, एक काम होतं,” सर म्हणाले.

“मैदानाचं असंल तर सर, माझा शब्द झालेला हाय.”

“मैदानाचं न्हाई. तुमच्या आवाजाचं हाय.”

बापूंनी मान वर केली.

“तुमी रोज सांजच्याला मैदानावर यायचं,” सर म्हणाले, “आन् पोरी खेळून राह्यल्या की मधीच ओरडायचं.”

“काय ओरडायचं?”

“खो.”

बापूंचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, मास्तर घरात येऊन थट्टा करतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. सर मात्र हळू आवाजात बोलत राहिले. “मंदा चुकली न्हाई, बापू. ती घरी जे करती तेच तिनं तिथं केलं. तुमचा आवाज आला, ती उठली. लहानपणापासून उठती. हात लागल्याशिवाय उठायचं न्हाई हे मी तिला शिकवलं, पण तुमचा आवाज माझ्या आधीचा हाय. आता तिला बसून राह्यला शिकवायचंय. ते तुमच्याबिगर व्हायचं न्हाई.”

 बापूंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या आई सुपावरून उठून उभ्या होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भावजय उभी होती. आतल्या खोलीत, अर्ध्या उजेडात, मंदा उभी होती. ते बोलायला लागल्यापासून सगळ्या उभ्याच होत्या. मला वाटतं, बापूंनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“बसा गं,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेलेला की आईंना ऐकू आलं नाही, सुनेने त्यांना धरून बसवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापू आले. खुर्ची दिली तर नको म्हणाले आणि पायासाठी टाकलेल्या दगडांवर बसले. मंदाही आली होती. खेळ सुरू झाला, सरांनी डोळे मिटले आणि बापूंनी मधेच हाळी दिली. मंदा तर उठलीच, पण आठच्या आठ जणी उठल्या. पलीकडे भाजी घेऊन चाललेली एक बाई थांबली. आणि खरं सांगायचं तर मीही स्टुलावरून अर्धी उठले होते. सर डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले. त्यांना मी हसताना पाहिलेलं ते पहिल्यांदाच.

मग हे रोजचंच झालं. एवढा मोठा सरपंच, गावाचा कारभार टाकून, संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून खो खो ओरडतो, हे पाहायला आधी पोरंसोरं जमली, मग बाप्ये. दगड बसायला चांगले होते. एकेक मुलगी शिकत गेली. रेखा आधी शिकली, मग बाकीच्या. मंदा शेवटपर्यंत उठत होती. प्रत्येक वेळी उठायची, ओठ चावायची, पुन्हा बसायची. बापू सरांना म्हणाले, ऱ्हाऊ द्या, पोरीचे हाल करून राह्यलो आपण. सर म्हणाले, ओरडा.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बापू ओरडले आणि मंदा बसून राहिली. मला आधी वाटलं तिला ऐकू आलं नाही. बापूंनाही तसंच वाटलं असावं. ते उठून उभे राहिले आणि जालन्याला ओरडले होते तसे सगळ्या ताकदीने ओरडले. मंदाने जमिनीला टेकलेले हात आणखी रोवले, मान खाली घातली आणि बसून राहिली. मागून रेखा आली, हात लागला, नाकातला खो आला, आणि मंदा जी सुटली ती पळणारीला घेऊनच थांबली.

“बराबर,” सर म्हणाले.

बापू दगडावर खाली बसले. उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले. मग कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, “माझ्या आवाजाला बसून राह्यलेलं मानूस मी आजच पाह्यलं.” ती तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

गाळ्यांचं काय झालं, असं कुणी विचारलं नाही. ग्रामपंचायतीत ठरावबिराव काही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण रोज जिथे बसून ओरडायचं त्या दगडांवर भिंत कशी उभी करणार. वाळू एक दिवस कुणीतरी देवळाच्या कामाला नेली. बाजार आधी ओढ्याच्या बाजूला सरकला आणि मग तिकडचाच झाला. सरांनी खांब रोवले ते पुन्हा उपटले नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही जालन्याला जिंकलो. मंदा दहावीला होती. निळ्या शाळेच्या लोकांना मागच्या वर्षीची युक्ती आठवत होती. त्यांची पोरं रेघेजवळ येऊन खोटे खो ओरडत होती. आमच्या मुली ढिम्म. आमचं गाव तर तोंडात उपरणं धरून बसलं होतं, सामना संपेपर्यंत एक चकार शब्द नाही. पंचांनी मुख्याध्यापकांना विचारलं म्हणे, तुमच्या गावात काही वाईट झालंय का. त्याच्या पुढची दोन वर्षं दुसऱ्या मुलींनी जिंकली आणि ढाल कायमची आमच्याकडे राहिली. मग जिल्ह्याने नवी ढाल केली. तीही बरेचदा आमच्याकडे आली. ते सगळं सांगत बसत नाही. जिंकण्याच्या गोष्टी सगळ्या सारख्याच असतात.

त्यापेक्षा मला दुसरंच आठवतं. मंदाची दहावी झाली त्या उन्हाळ्यात बापू शाळेत आले आणि सरांसमोर बसून कुरकुरले. “सर, तुमी हे काय शिकवलं? आता घरी बी हाक मारली तर पोरगी बसूनच ‘काय बापू’ म्हनती.”

सरांनी एक दाणा सोलला. “मंग जवळ जाऊन सांगत जा,” ते म्हणाले.

माझी पुढे जालन्यातच बदली झाली. गाडीची धावपळ सुटली आणि मैदानही सुटलं. शाळेच्या मैदानाला भिंतीचं पक्कं कुंपण झालं त्याचा कार्यक्रम होता, तेव्हा इतक्या वर्षांनी बोलावणं आलं आणि मी गेले. सरांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. पांढरे हात आता स्वच्छ होते, ते मला बघवलं नाही. शेजारी बापू, काठी टेकून. त्यांच्या आवाजाचं आता काही उरलं नव्हतं, कानाशी वाकलं तरच ऐकू येई. मंदा एसटीत कंडक्टर झाली होती. अख्ख्या गाडीला आता तीच उठवते-बसवते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. ते दोघं खुर्च्यांवर बसलेच नाहीत. मांडव सोडून त्या जुन्या दगडांवर बसले होते. मीही तिथेच टेकले. सरांनी खिशात हात घालून माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले. ती आमची शेवटची भेट ठरली.

पाहुण्यांना उशीर होता म्हणून मुलींचा सामना सुरू करून दिला होता. नव्या मुली, एकसारखे कपडे. सर मान थोडी तिरपी करून ऐकत होते. खेळ ऐन रंगात आला आणि फाटकातून जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची गाडी आत आली. माइकवरून कुणीतरी स्वागताला सुरुवात केली, उभं राहण्याची विनंती केली. सगळा मांडव उठला. शिक्षक उठले, गाव उठलं, पळणारी मुलगीसुद्धा गोंधळून थांबली. मीही सवयीने उठले. मुख्याध्यापक बसलेल्या मुलींना हाताने खुणा करत होते, उठा, उठा.

गलका ऐकून सरांनी माझ्या पदराला हळूच ओढ दिली.

“बाई, पोरी उठल्या का?”

मी मैदानाकडे पाहिलं. आठही जणी आपापल्या चौकोनांत, हात जमिनीला टेकलेले, नजर समोर. माइक बोलत होता. त्या पाठीवरच्या हाताची वाट पाहत होत्या.

“नाही उठल्या, सर.”

“मंग बराबर हाय,” सर म्हणाले.

बापू काठीवर हनुवटी टेकून बसलेलेच होते. मांडवात हार घालणं सुरू झालं होतं. मी दगडावर परत खाली बसले.